खंयच्यो? केन्ना काडल्यो?

वृंदा,

तुझं तेरावं झालं आणि आज खानावळ उघडली. गल्ल्याच्या मागे तुझा फोटो लावायचा असं तुझ्या भावाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. तिथे बसून तू येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ताटात डोकावत राहशील आणि माझा धंदा बसेल. मी हे आपलं गमतीनं बोललो, तर तुझ्या वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. आता काय करायचं ह्या माणसांचं! तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसूं दे, तेल तरी कमी खातील लोक."

भेटायला आलेल्यांनी तर माझा जीव खाल्ला. येणारा प्रत्येक जण एकच पाढा म्हणायचा. "दिवसभर त्या घाण पाण्यात उभी राहायची हो, त्यानंच घात केला." पहिल्या दोघातिघांना मी नुसती मान डोलावली. मग साखळीचा तुझा तो आतेभाऊ आला, तोच जो लग्नात मला "मासळीवालो जांवय" म्हणाला होता. त्यानंही तेच काढलं. मी म्हटलं, "कशावरून?" तो गडबडला. म्हणाला, "म्हणजे, असणारच ना." मी म्हटलं, "असणारच म्हणजे काय? पुरावा आहे तुझ्याकडे?"  त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. तुझ्याबरोबर एवढा संसार केल्यावर माणसाला एवढं तरी अंगी लागायला हवं.

पण मी लिहायला बसलोय ते पारूमावशीमुळे. सुतकात ती मागच्या दाराशी येऊन बसली. तिला तू ओळखतेस, पण तिनं काय विचारलं ते तुला कळलं पाहिजे. कुणी तरी फोनवर फिरवलंय की आपल्या तेरेखोलच्या खाडीतल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, विषारी झाल्या आहेत. खाली किनाऱ्यावरचे हॉटेलवाले आता तिच्याकडून घेत नाहीत. पेडण्याच्या बाजारात बायका टोपल्या घेऊन बसतात आणि तशाच परत जातात. सुकती लागून पाणी ओसरलं की गुडघाभर पाण्यात ओणव्यानं तिसऱ्या काढायच्या, एवढंच ह्या बायकांना माहीत, आणि त्यावरच त्यांची चूल.

"बाई आसती जाल्यार तिकाच विचारलें आसतें," मावशी म्हणाली. "आता तूंच सांग भाई. तूं तिचो घोव. खावच्यो काय ना? एक कितें तें सांग. तूं सांगल्यार लोक आयकतले."

हसावं की रडावं मला कळेना. अगो, लग्न झाल्यापासून मी तुला हाच प्रश्न विचारत आलो. तू कधी ताकास तूर लागू दिलीस? आणि आता लोक मला विचारतात.

मी मावशीला म्हटलं, "तेरावें जावं दी. मागीर सांगतां." ती गेली. तेव्हापासून माझ्या डोक्याला तोच भुंगा. "खावा" म्हटलं तर बायकांच्या टोपल्या खपतील, माझंही ताट चालेल. "नको" म्हटलं तर सगळ्यांच्याच पोटावर पाय. आणि तुझं नाव पुढे करून मी चुकीचं बोललो तर? ते तू ह्या जन्मी काय, पुढच्याही जन्मी विसरणार नाहीस.

आपली ओळख झाली तीच ह्या प्रश्नावर. तू तेव्हा कॉलेजात शिकवायला नवीनच लागली होतीस. दुपारच्या गर्दीत गमबूट घालून माझ्या खानावळीत शिरलीस. बुटांना खाडीचा चिखल आणि हातात पाण्यानं भरलेला कॅन. मंगल त्या वेळी नुकतीच चंदगडहून कामाला आली होती, तिला वाटलं कोणी तरी पंप दुरुस्त करायला आलंय. तू ताट मागितलंस. मी तिसऱ्यांचं सुकं वाढलं, वर ताजं खोबरं, बाजूला सुक्या कोलंबीचं किसमूर. तू वाटी नाकाजवळ नेलीस आणि भर गर्दीत विचारलंस, "खंयच्यो?"

मी म्हटलं, "बाजारांतल्यो."

"बाजारांत तिसऱ्यो जायनात," तू म्हणालीस. "खंयच्यो? केन्ना काडल्यो?"

मेजावरच्या सगळ्या माना वर झाल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही कोण कालची पोर मला मासळी शिकवणार! माझ्या बापानं चालवलेली खानावळ ही. पण मी आत जाऊन खरंच मंगलला विचारलं, मंगलनं पारूमावशीला विचारलं, आणि उत्तर आलं तेव्हा तुझा भात निवला होता. ते ऐकून तू मान हलवलीस आणि ताट पुसून खाल्लंस. लोक म्हणतात माझं लग्न चहा-पोह्यांवर ठरलं. कसलं काय! ते त्या दुपारीच ठरलं होतं, पोहे नंतर झाले.

तुझं काम काय हे मला समजायला वेळ लागला. मला वाटायचं, विषारी पाणी शोधायचं तर पाणी तपासावं, ह्या बिचाऱ्या तिसऱ्यांच्या मागे का लागायचं. तू मला एकदा काठावर बसवून सांगितलंस. मासा पाण्याला कंटाळला की दुसरीकडे पळतो. तिसरी कुठे पळणार? जिथे बसली तिथलंच पाणी आत घेते, त्यातलं खाणं ठेवते, पाणी बाहेर सोडते. पाण्यातून लोखंड गेलं, मँगनीज गेलं, आणखी काही गेलं, तर ते थोडं थोडं तिच्यात साठतं. गढूळ पाणी फार दिवस राहिलं तर ती तोंडच मिटून घेते. तोंड मिटलं की खाणं बंद, खाणं बंद की वाढ बंद. "आज पाणी तपासलं तर आजचं कळतं," तू म्हणालीस, "तिसरी तपासली की मागचं पण कळतं." हे मला पटलं. गिऱ्हाइकाचंही तसंच असतं, ते आज काय बोलतं त्यावर जाऊ नये, परत येतं की नाही ते बघावं.

पण कुठल्या आणि कधी काढल्या, तुझ्या त्या दोन प्रश्नांनी माझा जीव नकोसा केला हे खरं. तू जेवायला बसायचीस, मंगल वाढायची, तू विचारायचीस. दर्याकडच्या असल्या तर जेवायचीस. वरच्या वळणाखालच्या असल्या, जिथे खाणीकडचा तो नाला खाडीला मिळतो, तर एक अक्षर न बोलता वाटी बाजूला सारायचीस. बोलली असतीस तर परवडलं असतं. शेजारच्या मेजावरचा माणूस ती बाजूला सारलेली वाटी बघायचा, मग स्वतःच्या वाटीकडे बघायचा, आणि मग माझ्याकडे. किती वेळा सांगितलं, बाई, तुला खायचं नसेल तर आत बसून नको खाऊ. तू म्हणायचीस, "मी काय म्हटलं तरी काय?" हेच तर! काही म्हणायचीच नाहीस.

त्या दोन बालद्यांचा दिवस आठवतो? अजूनही मंगल त्यावरून कानाला हात लावते. तिसऱ्या शिजवण्याआधी त्यांना मिठाच्या पाण्यात ठेवून रेव सोडायला लावायची, ही आपल्याकडची घरोघरची पद्धत. नाही तर दाताखाली करकर येते. आणि तुझ्या तपासणीतही तेच, आधी स्वच्छ पाण्यात ठेवून त्यांचं पोट रिकामं करायचं. तुझ्या कॉलेजात त्या दिवशी पाणी नव्हतं की काय, तू तुझ्या तिसऱ्या आपल्या मागच्या अंगणात बालदीत ठेवल्यास. शेजारी मंगलची बालदी. तुझी निळी, तिची हिरवी. तू तिला दहादा बजावलंस, निळीला हात लावू नको. आणि बाई घाईत निळीच घेऊन गेली!

तू परत आलीस तेव्हा वाटपाचा वास सगळीकडे सुटला होता. तू बालदीत बघितलंस, आत आलीस आणि सरळ मेजामेजावर जाऊन शिंपल्या गोळा करायला लागलीस. एक मुंबईचं कुटुंब होतं, त्यांच्या ताटातून तू शिंपल्या उचलल्यास तेव्हा त्यांना वाटलं ही आमची रीत आहे, त्यांनी मुलाच्या ताटातल्या पण काढून दिल्या. मंगल दाराशी रडवेली उभी. "मला काय ठावं वैनी, दोनी बालद्यांत रेवच सुटाय ठेवलेली." तू बघत राहिलीस आणि मग अशी हसलीस की गल्ल्यावरचा मी पण उठून आलो. म्हणालीस, "आज ह्या सगळ्यांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं." नंतर आत जाऊन थोडी रडलीस ते मी पाहिलं. पुढच्या सुकतीला परत चिखलात उतरलीस. मंगलला एक शब्द बोलली नाहीस.

त्यानंतरच पारूमावशीनं तुला ते ऐकवलं, "बाये, रेव सुटली की सगळें सुटलें. आमी जल्मभर खातां, आमकां कितें जालें?" तू तिच्या शेजारी पायरीवर बसलीस. म्हणालीस, "पोटांतली रेव सुटता मावशे, तें तुजें खरें. मासांत बसलां तें सुटना." मावशीला ते आवडलं नाही. ती उठून गेली, पण दुसऱ्या दिवशी परत आली. तुम्हा दोघींचं हे वर्षानुवर्षं चाललं. आपल्या नवरा-बायकोच्या भांडणापेक्षा तुमचं भांडण जास्त टिकाऊ होतं.

मी मात्र तुझ्यावर चिडायचो. एक घाव दोन तुकडे कर की! शिकलेली माणसं अशीच, धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. किती प्रमाण, कुठल्या महिन्यात, कुठल्या काठाला, मोठी की लहान. मी म्हणायचो, गिऱ्हाईक ताटावर बसलेलं असतं, त्याला हो किंवा नाही लागतं. तू म्हणायचीस, "मग त्याला थांबूं दे." खानावळीत गिऱ्हाइकाला थांबव म्हणणारी बायको देवानं मलाच द्यावी!

पण ते का, हे तू मला एकदाच सांगितलंस. पाळीहून परत येत होतो. तुझ्या बाबांकडे जेवून निघालो होतो. तुझं माहेर खाणीच्या पट्ट्यातलं. तू लहान असताना घरामागचा व्हाळ पावसात तांबडा वाहायचा. तुझ्या आजीच्या वेळी त्याच व्हाळात चढणीचे मासे यायचे, ती सूप घेऊन जायची. तुझ्या वेळेला नाव उरलं, मासे नाहीत. शेतात तांबडा गाळ बसलेला. आणि तुझ्या बाबांचा ट्रक त्याच खाणीवर. त्या दिवशी जेवताना ते तुला म्हणाले होते, "ह्याच तांबड्या मातीन तुका शिकयली. आता तूं तिकाच नांवां दवर." तू मान खाली घालून जेवलीस. मी मधे बोलणार होतो, पण तू माझ्या पायावर पाय दिलास.

गाडीत तू म्हणालीस, "बाबांचं खरं आहे. आणि व्हाळाचं पण खरं आहे."

मी म्हटलं, दोन्ही कसं खरं असेल?

तू म्हणालीस की आमच्या गावानं दोन्ही शब्द ऐकले आहेत. एक दिवस कोणी तरी "चालू" म्हटलं आणि व्हाळ मेला. मग एक दिवस कोणी तरी "बंद" म्हटलं आणि अंगणा-अंगणात ट्रक उभे राहिले, चाकांत गवत वाढलं, आणि लोक माझ्याकडे बघायला लागले जसं काही मीच बंद केलं. दोन्ही वेळा कोणी येऊन विचारलं नाही, कुठलं पाणी, कुठली शेतं, किती, कधी. एका शब्दात सांगणारे आले आणि गेले. "मी तसं सांगणार नाही," तू म्हणालीस. मग जनेलाची काच खाली केलीस आणि सर्वण गाव मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिलीस.  घरी आल्यावर आपण परत त्याच गोष्टीवरून भांडलो, कारण कळणं वेगळं आणि धंदा वेगळा.

इस्पितळात तर तू कहर केलास. डॉक्टर आले. मी सरळ विचारलं, "बरी होणार की नाही?" ते म्हणाले, "ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे." माझं डोकं फिरलं. एवढं शिकून तुम्हाला एक उत्तर देता येत नाही, असं काही तरी मी मोठ्यानं बोललो. नर्स धावत आली. आणि खाटेवरून तुझा हसण्याचा आवाज, त्या नळीतून, खोकला येईपर्यंत. म्हणालीस, "राव रे. खरें उलयता तो." डॉक्टर खरं बोलतो म्हणे! म्हणजे तिथेही तू त्याच्याच बाजूला!

मग एके दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "तिसऱ्यो आयल्यो बाजारांत?" मी म्हटलं, "आयल्यो." तू माझ्याकडे बघत राहिलीस. बोलायला दम नव्हता, नुसत्या भुवया वर केल्यास. मला कळलं तुला काय विचारायचंय. पण मी बाजारात गेलोच नव्हतो, तुझ्या उशाशी होतो. मंगलनं फोनवर सांगितलं तेवढंच मला माहीत होतं. मी म्हटलं, "तूं बरी जा, मागीर सांगतां." तू डोळे मिटलेस. ते सांगायचं राहिलं. लोक विचारतात, शेवटी काय बोलली? काय सांगू त्यांना? मासळीचं बोलली, म्हणून सांगतो, आणि कोणाला खरं वाटत नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे असं सरळ लिहायला मला लाज वाटत नाही. तुझी वाटी बाजूला सारायची खोड, तुझ्या गमबुटांचा तो वास, सगळं हवं आहे. गमबूट मागच्या दाराशी आहेत. मंगलनं धुऊन ठेवले, तर मी तिच्यावर ओरडलो. मग तिला म्हटलं, बरं केलंस.

आता आजचं सांगतो.

सुतक फिटल्यावर घरात मासळीचं पहिलं नुस्तं यायला हवं, म्हणजे संसार परत सुरू झाला, अशी आपली रीत. तुझा भाऊ इसवण आणतो म्हणत होता. त्याच्या आधी पारूमावशी आली. एकटी नाही, खाडीवरच्या सगळ्या बायका मागे. मावशीच्या डोक्यावर टोपली. ती तिनं माझ्या गल्ल्यासमोर खाली ठेवली, वर ओलं फडकं. तुझ्या नावानं आणलंय म्हणाली, पैसे नकोत. आत दोनचार गिऱ्हाइकं बसली होती, तुझा भाऊ होता, तो साखळीचा आतेभाऊ पण होता. सगळे बघत होते.

"सांग भाई," मावशी म्हणाली. "तेरावें जालें. खावच्यो काय ना?"

बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना "खावा" हवं होतं. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. तुझ्या नावानं आलेली टोपली, आणि तुला आवडायच्या तिसऱ्या. एक शब्द, आणि सगळं सुरळीत. मी फडकं बाजूला केलं. चांगल्या टपोऱ्या होत्या, तोंडं घट्ट मिटलेली. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"खंयच्यो?" मी म्हटलं. "केन्ना काडल्यो?"

आतून भांड्याचा आवाज थांबला. मंगल चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं तिथूनच हाक दिली, "वैनी आल्या काय?"

मग तिच्या ध्यानात आलं. दाराशी आली, पदरात हात पुसत उभी राहिली.  पारूमावशीनं डोळे पुसले आणि मग, काय सांगू तुला, ती माझ्यावर हसली. "बायलेची जीब लागली तुका," म्हणाली.

मग ती टोपलीशी बसली आणि निवडायला लागली. बायकांनी दोन ठिकाणच्या एकत्र केल्या होत्या. कुठल्या कोणी कुठे काढल्या ते त्या एकमेकींना विचारून वेगळ्या करत गेल्या. "ह्यो तुज्यो गो, नाल्याच्या तोंडाकडल्यो." "न्हय, म्हज्यो सकयल्यो, दर्याकडल्यो." मी मंगलकडे दोन बालद्या मागितल्या. नाल्याकडच्या निळीत, त्या तुझ्या विद्यार्थिनीकडे कॉलेजात जातील, ती तपासून सांगेल. तोवर तिथल्या काढायच्या नाहीत, हे मी सांगितलं आणि बायका कुरकुरल्या. सगळं बंद नाही आणि सगळं चालूही नाही, हे पण सांगितलं. हॉटेलवाल्यांनी विचारलं तर जागा सांगा, वेळ सांगा, माझं नाव सांगा म्हटलं. आतेभाऊ म्हणाला, "पण नक्की काय ते एकदा सांगा ना!" मी म्हटलं, "थांब की जरा." हे ऐकून तू कशी खूश झाली असतीस ते मला माहीत आहे, म्हणून फार चढवून सांगत नाही.

बाकीच्या हिरवीत. मंगलनं मीठ टाकलं. दुपारी सुकं झालं, पहिली वाटी तुझ्या पानावर ठेवली.

तू इस्पितळात विचारलं होतंस ना? मी सांगतो म्हटलं होतं.

दर्याकडल्यो. आज सकाळच्या सुकतीच्यो.

जेव आता.